लग्नाच्या फायलीत न लावलेला कागद

माझी बायको मंगळवारी गेली. सकाळी ती अक्षतांचे तांदूळ निवडायला बसली. अकराच्या सुमारास ताट तिच्या हातातून सुटलं. दुपारी डॉक्टरांनी मान हलवली. मुलाच्या लग्नाला सोळा दिवस होते.

मुलगा दोन दिवस आधी, रविवारी, कॅनडाहून खामगावला पोचला होता. एका महिन्याची रजा मिळवायला त्याला वर्ष लागलं होतं. आईच्या हातचं त्याने दोन दिवस खाल्लं, आणि तिने त्या दोन दिवसांत त्याला इतकं वाढलं की सोमवारी रात्री तो म्हणाला, "आई, लग्नाचा सूट मावला नाही तर तू जबाबदार." नंतर सूट घालायची वेळच आली नाही.

पाचव्या दिवशी घरात बैठक बसली. आमच्याकडे अशी रीत आहे की आई किंवा बाप गेला तर मुलाचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. रीतिभातींवरची पुस्तकं मी कपाटात लावली आहेत, वाचलीही आहेत, आणि त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण त्या दिवशी मला कोणी मत विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्याकडे ते नव्हतं. मुलाला वर्षाच्या आत पुन्हा रजा मिळणार नव्हती. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.

होणारे व्याही लोणार तालुक्यातल्या बीबी गावाहून आले होते. शेतकरी माणूस, बोलणं मोजकं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "विहीणबाईंनी पोरगी पसंत केली. तारीख बी त्यांनीच काढली. त्यांची तारीख आपण कशाला मोडायची?"

यावर बैठक उठली.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी, ठरल्या तारखेलाच लग्न लागलं. पत्रिकेत खामगावचं मंगल कार्यालय छापलं होतं. लग्न लागलं बीबीला, व्याह्यांच्या अंगणात, पस्तीस-चाळीस माणसांत. बँड नव्हता, वरात नव्हती, हळद नावापुरती बोटाने लावली. जेवणात वरण-भात, पोळी आणि वांग्याची भाजी होती, गोड काही नव्हतं. फोटोग्राफरला येऊ नको म्हणून कळवलं होतं. सुनेच्या मावसभावाने आपल्या मोबाइलवर एकोणीस फोटो काढले. दहाव्या दिवशी मुलाने डोकं आणि मिशी भादरली होती. मंगलाष्टकं होईतो त्याच्या डोक्यावर फेटा होता, पण घाम इतका आला की नंतर त्याने तो काढून ठेवला. त्यामुळे बहुतेक फोटोंत नवरदेव तुळतुळीत आहे. एकाही फोटोत कोणी हसत नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी मुलगा परत गेला. कागद होईपर्यंत सून माझ्याजवळ खामगावला राहिली.

ती सव्वीस वर्षांची, बी. फार्म. झालेली. मी बासष्टचा. दोघांची ओळख करून देणारं माणूस भिंतीवरच्या फोटोत. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि विचारलं, "मामाजी, चहात साखर किती?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. ती टाकायची." मग तिने तीन कपांत तीन वेगवेगळ्या मापांनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "प्या आणि सांगा." मधला कप बरोबर निघाला. पुढचे सगळे चहा त्या मापाने झाले.

मग फॉर्म आले.

मुलाला तिकडे कायम राहायची परवानगी आहे. तसा माणूस आपल्या बायकोसाठी अर्ज करू शकतो, आणि तो मान्य झाला की बायकोलाही तीच परवानगी मिळते. मात्र लग्न खरं आहे, परवानगीसाठी केलेलं नाही, हे कागदांनी पटवावं लागतं. ते योग्यच आहे, कारण खोटी लग्नंही होत असणार. आमच्यापुरता या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की कागद पटले तर ते दोघं एका घरात राहणार, नाही पटले तर नाही.

मी फाइल माझ्याकडे घेतली. मला तेवढंच येतं. प्रत्येक कागदाला क्रमांक, प्रत्येक विभागाला रंगीत पुठ्ठा, सुरुवातीला सूची. सून म्हणाली, "मामाजी, हे ग्रंथालय झालं. आता यातून कागद घरी न्यायला कार्ड लागंल का?"

फॉर्ममधले प्रश्न मात्र कोणत्याही वर्गीकरणात बसत नव्हते. तुम्ही दोघं प्रथम कुठे भेटलात? त्या वेळी कोण हजर होतं? सुनेने बोटांवर मोजलं. मुलगा तिकडून व्हिडिओवर होता, इकडे बीबीच्या ओट्यावर तिच्या घरची अकरा माणसं, आमच्या घरची तीन, आणि फोन धरायला एक. हे सगळं लिहायला फॉर्ममध्ये दीड ओळ होती.

"लग्नाची मागणी कोणी घातली?" तिने पुढचा प्रश्न वाचला.

फोनवर मुलगा म्हणाला, "मोठ्या मामांनी."

"अरे, तू घातलीस का, असं विचारतायत," मी म्हटलं.

"मी कशी घालणार? मला तर मामांनीच सांगितलं."

शेवटी आम्ही लिहिलं की मागणी मुलाच्या मामांनी मुलीच्या वडिलांकडे घातली आणि दोघांनी आपापला होकार कळवला. मी त्यावर बराच वेळ विचार केला. आमच्या वेळी तर होकारही कोणी विचारला नव्हता.

कोर्टाजवळ एक टायपिंगचं दुकान आहे. दुकानदार चाळिशीचा, तोंडात सुपारी, आणि अर्ज कसलाही असो, वाचून झाला की त्यावर मत देणारा. इंग्रजी भाषांतर तोच करायचा, शेजारचे नोटरी शिक्का मारायचे. आमची लग्नपत्रिका त्याच्याकडे भाषांतराला दिली. पत्रिकेच्या तळाला, सगळ्या पत्रिकांत असते तशी, 'चिमुकल्यांची किलबिल' होती आणि त्याखाली माझ्या बहिणीच्या तीन नातवंडांची नावं: आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं! त्याचं त्याने जे इंग्रजी केलं ते वाचून असं वाटावं की मांडवात पक्षी सोडले होते.

"सर, हे तीन लेकरं कोन?" त्याने विचारलं. "त्याहीले पन कॅनडाले नेऊन राह्यले का? नाई म्हंजे, तसं असनं त येगळा फॉर्म लागते."

मी सांगितलं की ती फक्त आमंत्रण देतायत.

"मंग कायले लिहिलं? तिकडचा साहेब इचारीन, लेकरं कुठं गेले."

तरीही ती ओळ आम्ही ठेवली. दस्तऐवजातून काही गाळायचं नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो.

दोघांचं आपसात बोलणं होतं याचा पुरावाही हवा होता. म्हणजे मोबाइलवरचे निरोप छापून जोडायचे. सुनेने ते स्वतः निवडले, स्वतः छापून आणले आणि पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं. "मामाजी, याला नंबर वरूनच टाका." मी वरून टाकला. पण टायपिंगवाल्याने स्कॅन करताना सगळं वाचलं. साठ पानं होती. तो मधेमधे मान हलवत होता आणि सून दुकानाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

"सर," शेवटी तो म्हणाला, "जेवला का, जेवलो, काय केलं, भेंडी. काल बी भेंडी. परवा बी भेंडी. मग वहिनी इचारते, भेंडी चिकट काऊन झाली. मग दोन पानं त्याच्यावरच. हे खरं लग्न आहे सर. खोट्या लग्नात कोनी भेंडीचं एवढं बोलत नाई."

सून बाहेरून हसली. आमच्या घरात आल्यापासून ती तशी मोठ्याने हसल्याचं मी प्रथम ऐकलं.

आता ज्या कागदासाठी मी हे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

फाइल पूर्ण झाली त्या दिवशी माझी थोरली बहीण आली होती. तिला आम्ही बाई म्हणतो. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि आमच्या घरात तिचं म्हणणं चालतं. तिने फाइल हातात घेतली, वजन पाहिलं, पहिल्या पानाच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी टायपिंगवाला म्हणाला, "सर, हा डाग पुसून टाकू का कम्प्युटरवर?" मी म्हटलं, "डाग नाही, कुंकू आहे." त्याने लगेच हात जोडले आणि डाग तसाच कॅनडाला गेला.

पण त्याआधी, बाई कुंकू लावत असताना, माझ्या हातात बायकोच्या मृत्यूचा दाखला होता. पेन्शन आणि बँकेच्या कामासाठी काढलेला. मी विचार करत होतो की तो या फाइलमध्ये कुठल्या विभागात बसेल.

बाईने तो पाहिला. "काऊन रे, हे काय लावून राह्यला?"

"दाखला आहे."

"ते दिसून राह्यलं मले. लग्नाच्या फायलीत हे लावते का कोनी? शुभ काम हाय. ठिव तिकडं."

मी यादी पाहिली. यादीत वराच्या आईचा मृत्यूचा दाखला मागितलेला नव्हता. मी स्वतःला तेच कारण सांगितलं आणि दाखला परत पेन्शनच्या पिशवीत ठेवला. खरं कारण ते नव्हतं. त्या फाइलमध्ये सगळं लग्नाचं होतं, तारखा, सह्या, पत्रिका, आणि पत्रिकेत निमंत्रक म्हणून तिचं नाव होतं. त्या फाइलपुरती ती होती. दाखला लावला की तिथूनही जाणार होती.

नंतर कळलं की मुलानेही तेच केलं होतं. लग्न साधेपणाने का केलं, या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, 'घरगुती कारणामुळे.' एवढंच. आम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी बोललो नव्हतो.

अर्ज गेला. पुढचे आठ महिने चांगले गेले, हे मला सांगितलं पाहिजे. दुःखात असलेल्या घराबद्दल लोकांची जी कल्पना असते तशी आमची राहणी नव्हती. सून माझी पुस्तकं वाचायला लागली. ती वाचलेलं पुस्तक भलत्याच जागी ठेवायची आणि मी ते शोधून जागेवर लावायचो. मग एकदा तिने मुद्दाम एक पुस्तक फ्रीजवर ठेवलं आणि मला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहिलं. तिची बोली लोणार तालुक्याची, जालन्याकडे झुकलेली. बाईची अस्सल वऱ्हाडी. दोघी भाजी निवडायला बसल्या की एकमेकींची चेष्टा चालायची.

"काय करायलीस, काय करायलीस," बाई तिची नक्कल करायची. "नीट बोल ना, काय करून राह्यली."

"आत्याबाई, तुमच्या एका वाक्यात माझी दोन वाक्यं होतात."

"मंग? आमच्याकडे टाइम हाय."

रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा. तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असायची. मी दोन मिनिटं बोलून अंगणात जायचो आणि झाडांना पाणी घालायचो. त्या आठ महिन्यांत आमच्या कढीपत्त्याला कधी नव्हे एवढं पाणी मिळालं.

मग पत्र आलं.

सुनेने ते मोबाइलवर उघडलं आणि अंगणात उभ्यानेच वाचून दाखवलं. भाषा सभ्य होती. अधिकाऱ्याने लिहिलं होतं की लग्न खरं असल्याबद्दल त्यांना काही शंका आहेत आणि त्या दूर करायची संधी ते देत आहेत. पत्रिकेत लग्नाचं ठिकाण एक आणि विवाहाच्या दाखल्यात दुसरं आहे. कोणताही समारंभ झालेला दिसत नाही, आणि छायाचित्रांत कुणाच्या चेहऱ्यावर आनंद नाही. छायाचित्रांतला वर पासपोर्टवरच्या माणसासारखा दिसत नाही. आणि वराची आई निमंत्रक असून एकाही छायाचित्रात नाही. तिचा या विवाहाला विरोध होता काय? उत्तरासाठी तीस दिवस दिले होते.

सून खाली बसली. "मामाजी, त्यांना वाटायलंय आपण नाटक केलं."

अधिकाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या टेबलावर जे कागद होते त्यावरून मीही तेच विचारलं असतं. एका माणसाने जागा बदलून, घाईने, मोजक्या लोकांत, उदास चेहऱ्यांच्या साक्षीने लग्न केलं, दहा दिवसांत निघून गेला, आणि त्याची आई आलीच नाही. ज्या एका कागदाने हे सगळं कळलं असतं तो पेन्शनच्या पिशवीत होता.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. ती कोणाला सांगितलेली नाही. पत्र ऐकल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. अर्ज फेटाळला तर ती इथेच राहील, हे माझ्या मनात आलं. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती मोबाइलवर तीस दिवस मोजत होती, कोणत्या वारी संपतात ते. मी आत जाऊन पिशवी काढली.

उत्तर लिहायचं काम मी घेतलं. चार दिवस बसून चौदा पानं लिहिली. सुरुवात अशौच म्हणजे काय इथून होती. सातव्या पानावर मी वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या चालींतला फरक सांगितला होता. दोन तळटीपा होत्या.

सुनेने सगळं वाचलं. ती माझ्या अक्षराला नावं ठेवत नाही, पण वाचून झाल्यावर तिने पानं उलटी ठेवली. "मामाजी, साहेबाला परीक्षा नाही द्यायची. त्याला एक पान पाहिजे."

"एका पानात रीत कशी समजावणार?"

"रीत नका समजावू. काय झालं ते सांगा."

बाई भाकरी करत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ती तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "त्याले एवढंच लिही. आमच्या घरचं मानूस गेलतं. बँड काऊन वाजवू?"

माझ्या चौदा पानांत हे वाक्य नव्हतं.

"आत्याबाई, हेच लिहू," सून म्हणाली.

"लिही ना मंग. आन तो दाखला बी लाव आता." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मीच नाई म्हनलं होतं. मले का माहीत, तिकडं मरनाचा कागद नसला त लग्न खोटं व्हते."

मी बाईला सांगितलं की चूक तिची नाही, मला यादीबाहेर पाहता आलं असतं. ती म्हणाली, "तू गप्प बस. भाकर खा."

राहिला नवरदेवाच्या डोक्याचा प्रश्न. तोच माणूस आहे हे सिद्ध कसं करायचं? मुलगा म्हणाला, बोटांचे ठसे देतो. मी म्हटलं, दहाव्याचा फोटो कोणी काढलाय का? कोणी काढला नव्हता. तशा वेळी कोण काढतं?

सून ओशाळली. "माझ्याकडे आहेत," ती म्हणाली.

मुलगा परत गेल्यापासून दर रविवारी, व्हिडिओवर बोलताना, ती त्याच्या डोक्याचा फोटो टिपून ठेवत होती. "यांचे केस कसे येतायत ते बघायला. मी हसायचे आणि हे चिडायचे." तिने मोबाइल माझ्या हातात दिला. पहिल्या रविवारी नुसती काळी छाया. तिसऱ्या रविवारी ती जरा दाट. सातव्या रविवारी डोक्यावर ब्रश उगवलेला. अकराव्या रविवारी भांग पाडायचा फसलेला प्रयत्न. मग मिशी. एकोणिसाव्या रविवारी पासपोर्टवरचा माणूस. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिचा चेहरा, आणि प्रत्येकात ती हसत होती. तोही, चिडलेला असला तरी.

टायपिंगवाल्याने ते सगळे फोटो चार पानांवर ओळीने लावले. मग खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिले, पेरणी झालेल्या वावराकडे पाहावं तसे. "सर, पंधरा वर्षं झाले हा धंदा करून राह्यलो. अफिडेविट पाह्यले, शेताचे नकाशे पाह्यले. पन डोक्याचा असा पुरावा नाई पाह्यला." त्याने त्या पानांचे पैसे घेतले नाहीत. बाईचं वाक्य टाइप करताना मात्र तो अडला. "असंच लिहू? का जरा साहेबी करू?"

"असंच."

पत्र शेवटी असं झालं. मूळ मराठी माझ्या वहीत आहे, ते उतरवतो.

'माझी पत्नी लग्नाच्या सोळा दिवस आधी वारली. पत्रिका त्याआधी वाटल्या होत्या, म्हणून त्यांत तिचं नाव आणि पहिलं ठिकाण आहे. आमच्या घरचं माणूस गेलं होतं, बँड कशाला वाजवणार? म्हणून समारंभ केला नाही आणि लग्न मुलीच्या अंगणात लावलं. मुलाने आईसाठी केस काढले होते. ते पुन्हा कसे आले याची छायाचित्रं जोडली आहेत. लग्नाच्या फोटोंत कोणी हसत नाही, कारण कोणाला हसू येत नव्हतं. माझ्या पत्नीचा या लग्नाला विरोध नव्हता. मुलगी तिने पाहिली, तारीख तिने ठरवली, आणि आम्ही ती तारीख मोडली नाही. तिच्या मृत्यूचा दाखला सोबत आहे. तो पहिल्यांदाच लावायला हवा होता. लावला नाही ती चूक माझी.'

खाली माझी सही, साक्षीदार म्हणून बाईची. बाईने सही सावकाश केली, प्रत्येक अक्षर वेगळं, आणि नोटरीला विचारलं, "हे कॅनडाच्या साहेबाले वाचता येईन ना?"

दाखला सुनेने लावला. फाइल तिने माझ्याकडून घेतली, पत्रिकेनंतरचं पान उघडलं आणि तिथे तो अडकवला. क्रमांक बदलावे लागले. मी पुढचे सगळे क्रमांक खोडून नव्याने टाकले. त्याला एक दुपार गेली आणि ती माझ्याजवळ बसून मला पान उलटून देत राहिली. तिने सासूला एकदाच पाहिलं होतं, बीबीच्या ओट्यावर. "त्यांनी मला काही विचारलंच नाही," ती म्हणाली. "स्वयंपाक येतो का, काहीच नाही. म्हणाल्या, वाचायला आवडतं का? मी हो म्हटलं. म्हणाल्या, बरं झालं, आमच्याकडे एक आहेत, त्यांच्याशी बोलायला कोणीतरी पाहिजे."

हे मला माहीत नव्हतं. मुलगी पाहून परत येताना बस देऊळगाव राजाकडून घ्यायची की मेहकरवरून, यावर आम्ही भांडत आलो होतो.

उत्तर पाठवल्यानंतर दहा आठवडे काही नाही. मग एका सकाळी सून पळत अंगणात आली. पासपोर्ट पाठवून द्या, असा निरोप होता, म्हणजे अर्ज मान्य झाला होता. तिला रडू आलं आणि ती हसतही होती. मला काय करावं सुचेना म्हणून मी म्हटलं, "चहा ठेव." बाईला कळवलं. ती आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "पाह्य, माह्या सहीनं झालं."

निघायच्या आधी बाईने सामान भरलं. कुरडया, पापड, तिळाची चटणी, आणि अर्धा किलो भेंडी सुकवून. "कॅनडात भेंडी चिकटच असन, मी सांगतो तुले." वजन जास्त झालं. सून एकेक डबा काढत होती आणि बाई मागून परत टाकत होती. शेवटी काटा बाईच्या बाजूने झुकला आणि सुनेने आपले दोन स्वेटर इथेच ठेवले. "थंडी तिकडं असती, आत्याबाई," ती म्हणाली. "मंग तो घेऊन देईन," बाई म्हणाली. "नवरा कायले हाय?"

नांदुऱ्याहून तिची गाडी होती. व्याही बीबीहून आले होते, ते मुंबईपर्यंत सोबत जाणार होते. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. त्या वेळात बाईने तिला विचारलं, "मंग आता तू त्याहिची झाली का आपलीच हाय?"

"अजून फक्त राहायची परवानगी आहे, आत्याबाई. तीनेक वर्षं राहिलं की मग नागरिक व्हायचा अर्ज करता येतो."

"त्याले बी कागद लागतीन?"

"लागतील."

बाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग याले फोन कर. रिकामाच हाय."

गाडी आली. सुनेने वाकून नमस्कार केला. मी तिला म्हटलं, पोचल्यावर कळव. एवढंच म्हणालो. बोलणं मला कधी जमलं नाही.

त्याला आता दीड वर्ष होईल. मुलाने स्वतःच्या नागरिकत्वाचा अर्ज केला आहे आणि त्याची सूची मी इथून करून पाठवली. सून एका औषधाच्या दुकानात काम करते आणि तिथली परीक्षा देते आहे. बाई रोज संध्याकाळी येते. चहा मी करतो.

ते दोघं आता एका घरात राहतात. या घरात मी राहतो.